बसवणीची संहिता आणि तिचे वाचक

नेहमी येथे कवितेविषयी, कादंबरीविषयी लिहिणाऱ्या आम्ही मंडळींनी संगणकावर आज्ञावली बसवणाऱ्या स्क्रिप्टविषयी लिहावे, याचे वाचकांना आश्चर्य वाटेल. आमचे कारण साधे आहे. या स्क्रिप्ट म्हणजे संहिता आहेत. त्या माणसांनी लिहिलेल्या आहेत, प्रती होऊन जगभर फिरलेल्या आहेत, त्यांत पाठभेद आहेत, प्रक्षेपही आहेत. त्या बिघडतात तेव्हा दुरुस्ती करणाऱ्याला मुख्यतः वाचावेच लागते. पडद्यावरची शेवटची ओळ तेवढी वाचून ‘चालत नाही हो’ म्हणणारा माणूस आणि धड्याखालचा स्वाध्याय तेवढा वाचून उत्तर लिहिणारा विद्यार्थी यांत आम्हांला फारसा फरक दिसत नाही.

मुक्तस्रोत आज्ञावली पूर्वी बहुधा मूळ संकेतांच्या रूपातच हाती येई. ती आपल्या यंत्रावर आपणच संकलित करून घ्यावयाची. याचे कारण युनिक्सच्या इतिहासात आहे. बेल लॅब्जमधून निघालेल्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीनंतर (१९७९) घराणी वेगळी होत गेली. बर्कली विद्यापीठाची एक परंपरा, एटी अँड टीच्या सिस्टिम फाइव्हची (१९८३) दुसरी. पुढे सन, एचपी, डिजिटल, आयबीएम अशा प्रत्येक कंपनीची स्वतःची. एकच फंक्शन एका घरी एका नावाने, दुसऱ्या घरी दुसऱ्या नावाने, तिसऱ्या घरी मुळीच नाही. तेव्हा आज्ञावली मिळवणाऱ्याने ‘मेकफाइल’ उघडून आपल्या यंत्राला अनुरूप अशा ओळी हाताने बदलाव्यात, अशी रीत होती. ‘मेक’ हे साधन स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली लिहिले. त्यात आज्ञेच्या ओळीची सुरुवात टॅबनेच व्हावी लागते. आठ मोकळ्या जागा दिल्या तर डोळ्यांना तेच दिसते, पण ‘मेक’ ‘विभाजक नाही’ असे सांगून थांबते. फेल्डमन यांनी नंतर सांगितले आहे की, ही चूक त्यांच्या लवकरच ध्यानात आली होती, पण तोवर डझनभर लोक ते साधन वापरू लागले होते आणि त्यांची गैरसोय करणे त्यांना बरे वाटले नाही. त्या डझनभरांच्या सोयीसाठी पुढच्या पिढ्यांनी किती तास घालवले असतील! आजही एखादी मेकफाइल वर्ड प्रोसेसरमधून उचलून चिकटवली की टॅबची जागा मोकळ्या जागा घेतात आणि हीच तक्रार पुन्हा उद्भवते. अदृश्य चिन्हाला अर्थ असू शकतो हे मुद्रितशोधकाला सांगावे लागत नाही; संगणकाच्या वापरकर्त्याला मात्र ते दर वेळी नव्याने कळते.

मेकफाइल हाताने बदलण्याच्या जाचातून सोडवणारी पहिली प्रसिद्ध स्क्रिप्ट लॅरी वॉल यांची. १९८४ साली त्यांनी ‘आरएन’ हा वृत्तवाचक प्रसिद्ध केला आणि त्यासोबत ‘कॉन्फिगर’ नावाची स्क्रिप्ट दिली. वॉल भाषाविज्ञानाचे विद्यार्थी. लिपी नसलेली एखादी भाषा शोधून तिला लिपी द्यावी, असा त्यांचा आणि त्यांच्या पत्नीचा मूळचा मनसुबा होता. तो पुरा झाला नाही, पण त्यांची स्क्रिप्ट पाहिली की त्या मनसुब्याचा काही अंश तिच्यात उतरला असावा असे आम्हांला वाटते. ती यंत्राची तपासणी करता करता वापरकर्त्याशी बोलते, प्रश्न विचारते, आपला तर्क सांगून ‘हे बरोबर आहे ना?’ असे पुसते. ‘युनिस’ नावाची युनिक्सची नक्कल चालवणारी एक प्रणाली त्या काळी फार त्रासदायक समजली जाई. आपले यंत्र युनिस नाही असे आढळले की ही स्क्रिप्ट चक्क अभिनंदन करते. पुढे वॉल यांच्याच ‘पर्ल’ या भाषेबरोबर (१९८७) ही बोलकी स्क्रिप्ट जगभर पोचली.

दुसरी परंपरा अबोल आहे, आणि प्रसार तिचाच अधिक झाला. डेव्हिड मॅकेन्झी १९९१ साली फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनसाठी ग्नू प्रकल्पातील अनेक उपयुक्त आज्ञावलींची देखभाल करीत. वापरकर्त्याने मेकफाइलमध्ये निवडावयाचे पर्याय विसाच्या घरात गेले, तेव्हा कंटाळून त्यांनी ते पर्याय स्वतःच ताडणारी एक लहानशी स्क्रिप्ट लिहिली. मग तशाच आणखी काही हाताने लिहिल्या. मग त्या स्क्रिप्ट लिहिणारी आज्ञावली लिहिली. तिचे नाव ‘ऑटोकॉन्फ’. तिच्या माहितीपुस्तिकेत या घडामोडींचा इतिहास मॅकेन्झी यांनीच सांगितला आहे आणि त्यातील पाच विभागांना बायबलच्या पहिल्या पाच ग्रंथांची नावे दिली आहेत: उत्पत्ती, निर्गम, लेवीय, गणना, अनुवाद. लेवीय म्हणजे याजकांची आचारसंहिता, आणि त्या विभागाचा विषय निरनिराळ्या यंत्रांवर चालेल असे लिहिण्याचे विधिनिषेध. शब्दांशी खेळणारी माणसे सर्वत्र असतात.

ऑटोकॉन्फने घडवलेली स्क्रिप्ट माणसाने वाचावी अशी नसते, आणि पुढल्या कथेत हे महत्त्वाचे आहे. प्रकल्पाचे लेखक एक छोटी फाइल लिहितात. ‘एम४’ हे १९७७ सालचे मॅक्रो-साधन तिचा विस्तार करते आणि हजारो ओळींची ‘कॉन्फिगर’ तयार होते. ती कोणत्याही जुन्यापान्या शेलवर चालली पाहिजे म्हणून बराच काळ तिच्यात शेलची फंक्शनेसुद्धा वापरीत नसत. तोच मजकूर पुन्हा पुन्हा उतरवला जाई. वापरकर्त्याकडे एम४ नसेल हे गृहीत धरून विस्तारित प्रतच गाठोड्यात बांधून दिली जाते. म्हणजे लेखक एक संहिता लिहितो आणि वाचकाच्या हाती दुसरीच पडते.

ही दुसरी संहिता वागते कशी? ती यंत्राला सरळ प्रश्न विचारीत नाही. प्रत्येक शंकेसाठी एक चिमुकली सी आज्ञावली लिहून ती संकलित होते का ते पाहते. झाली तर ‘होय’, न झाली तर ‘नाही’. पडद्यावर ‘तपासत आहे... होय’, ‘तपासत आहे... नाही’ असा जप चालू राहतो. ‘नाही’ हे उत्तर बहुतेक ठिकाणी दोष नसतो. ती गोष्ट येथे नाही, एवढीच नोंद होते आणि पाऊल पुढे पडते. अडते ते अत्यावश्यक गोष्टीपाशी. त्या वेळी दिसणारे सर्वांत कुप्रसिद्ध वाक्य ‘सी कंपायलर चालणारी फाइल निर्माण करू शकत नाही’ या आशयाचे आहे. नवखा माणूस कंपायलर बिघडला असे समजून तो पुन्हा बसवतो आणि पुन्हा तेच वाक्य वाचतो. हा वाच्यार्थाचा सापळा. त्या काळच्या काही वितरणांत कंपायलर असे, पण सी लायब्ररीचा विकसनासाठीचा भाग वेगळ्या गाठोड्यात राहून गेलेला असे. कंपायलर बिचारा ठीक असे, त्याला जोडावयाचा तुकडा सापडत नसे. हे कळावयाचे तर ‘कॉन्फिग.लॉग’ ही फाइल उघडावी लागते. प्रत्येक चिमुकली आज्ञावली, ती संकलित करण्याची आज्ञा आणि कंपायलरने दिलेले उत्तर, असे सगळे तीत जसेच्या तसे उतरलेले असते. मात्र ती शेवटापासून वाचली तर काही हाती लागत नाही, कारण अखेरीस शेकडो ओळींची चलांची यादी असते. त्या यादीच्या वर, जेथे यादी सुरू होते तिच्या लगेच आधी, खरी तक्रार सापडते. शेवटाकडून वर चढत जाऊन पहिली खरी ओळ गाठावयाची. ही वाचनपद्धती कोणी शिकवली नाही म्हणून हजारो लोकांनी मुक्तस्रोत आज्ञावलींचा नाद सोडला असेल, असे म्हणावयास हरकत नाही.

एक उदाहरण सविस्तर पाहू. बर्कलीतील स्पेन्सर किंबल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी १९९५ साली चित्रसंस्करणाची ‘गिंप’ ही आज्ञावली जाहीर केली. १९९६ मध्ये ती लोकांच्या हाती आली तेव्हा तिची बटणे आणि खिडक्या ‘मोटिफ’ या विकत घ्यावयाच्या संचावर उभ्या होत्या. आज्ञावली मुक्त, पाया विकतचा! ज्याच्याकडे मोटिफ नाही त्याची बसवणी पहिल्याच पायरीवर खुंटे. तेव्हा या दोघांनी स्वतःचा संच लिहिला, तोच जीटीके. जून १९९८ मध्ये गिंप १.० त्यावर आले आणि १९९७ साली सुरू झालेल्या ग्नोम प्रकल्पानेही तोच संच पत्करला.

आम्हां मराठीभाषकांशी या कथेचा संबंध येतो तो पुढच्या पायरीवर. जीटीकेच्या १.२ या आवृत्तीत देवनागरीची जोडाक्षरे जुळवण्याची सोय नव्हती. २००२ च्या मार्चमध्ये जीटीके २.० आले, त्यासोबत ‘पँगो’ ही अक्षरजुळणीची लायब्ररी आली. ग्रीक ‘पॅन’ म्हणजे सर्व आणि जपानी ‘गो’ म्हणजे भाषा, असे हे जोडनाव. पँगोमुळे ‘क्ष’ आणि ‘र्‍हस्व’ पडद्यावर नीट उमटू लागले. मार्च २००४ च्या गिंप २.० मध्ये चित्रावर मराठी मथळाही लिहिता येऊ लागला. (पँगोतील अक्षरजुळणीच्या संकेतांतून पुढे ‘हार्फबझ’ ही लायब्ररी वाढली. तिचे नाव फारसी आहे: ‘हर्फ’ म्हणजे अक्षर, ‘बाज़’ म्हणजे उघडे. आपल्या ‘हरफ’ या शब्दाची ही सख्खी बहीण.)

पण पँगो मिळवावयाची कशी? वितरण जुने असेल तर एकेक गाठोडे हाताने बसवावे लागे, आणि तेही क्रमाने: ग्लिब, एटीके, पँगो, मग जीटीके, मग गिंप. क्रम चुकला की कॉन्फिगर अडते. क्रम बरोबर असूनही ती अडते, तेव्हा बहुधा दोन कारणांपैकी एक असते. पहिले असे की, लायब्ररी असते पण तिच्या शीर्षक-फाइली नसतात. डेबियनमध्ये त्या ‘डेव्ह’ आणि रेड हॅटमध्ये ‘डेव्हल’ असे शेपूट लावलेल्या वेगळ्या गाठोड्यात मिळतात. ‘अहो, जीटीके तर आहे, मग नाही कसे म्हणते?’ या प्रश्नाचे उत्तर निम्म्या वेळा हेच. दुसरे कारण पत्त्याचे. हाताने बसवलेली लायब्ररी ‘यूएसआर-लोकल’ या कप्प्यात जाते, आणि ‘पीकेजी-कॉन्फिग’ हा कारकून त्या कप्प्यात बघेलच असे नाही. त्याला ‘पीकेजी_कॉन्फिग_पाथ’ या चलातून पत्ता सांगावा लागतो. एवढे करून बसवणी पुरी झाली, आज्ञावली सुरू केली, की ‘सामाईक लायब्ररी उघडता येत नाही’ असे उत्तर येते, कारण चालवण्याच्या वेळी लायब्ररी शोधणारा कारकून निराळा आणि त्याची वही निराळी. तिच्यात नवा कप्पा लिहून ‘एलडीकॉन्फिग’ चालवावे लागते. सरकारी कचेरीत एका टेबलावर झालेली नोंद दुसऱ्या टेबलाला ठाऊक नसते, हे ज्याने अनुभवले आहे त्याला यात नवल वाटणार नाही.

आमच्या विभागातील जुन्या संगणकावर आम्ही हा सारा क्रम पार पाडला, त्याची हकिकत सांगून वाचकांना दमवणार नाही. एकच गोष्ट सांगतो. पहिल्या दिवशी कॉन्फिगर चौथ्या-पाचव्या ओळीलाच थांबली. ‘बांधणीचे वातावरण शुद्धीवर आहे का’ अशा अर्थाची तिची एक तपासणी असते. तीत ती एक नवी फाइल लिहून पाहते आणि ती गाठोड्यातील फाइलींपेक्षा जुनी तर नाही ना, याची खात्री करून घेते. आमच्या यंत्राचा आतला सेल संपलेला होता, घड्याळ प्रत्येक वेळी कित्येक वर्षे मागे जाई. आज लिहिलेली फाइल मूळ ग्रंथापेक्षा जुनी ठरली आणि स्क्रिप्टने पुढे जाण्यास नकार दिला. हस्तलिखितांच्या कालनिर्णयावर वर्गात तास घेणाऱ्या आम्हांला हे समजावयास दुपार लागली. तारीख दुरुस्त केली आणि काम पुढे सरकले.

त्या दुपारी स्क्रिप्ट वरून खाली चाळताना आणखी एक जागा दिसली. ऑटोकॉन्फच्या संहितेत अगदी आरंभी दोन-तीन ओळी अशा असतात की, वापरकर्त्याने यंत्राला सांगितलेली भाषा त्या बाजूला सारतात आणि ‘सी’ नावाची, कोणत्याही देशाची नसलेली भाषा लागू करतात. यामागचे कारण व्यवहार्य आहे. अक्षरांचा क्रम, लहान-मोठ्या अक्षरांचे पल्ले, संदेशांचे शब्द भाषेनुसार बदलतात आणि संदेशातला शब्द शोधणारी स्क्रिप्ट त्यामुळे फसते. यंत्रावर मराठीची लोकेल लावली तरी कॉन्फिगरपुरती ती गळून पडते. दोष शोधणाऱ्यालाही ते सोयीचेच, कारण मग सर्वांचे दोषसंदेश एकसारखे येतात. पण त्या ओळींच्या माथ्यावर एक टीप आहे आणि तीत राष्ट्रीय भाषांच्या सोयीला ‘कटकट’ या अर्थाचा शब्द वापरला आहे. लिहिणाऱ्याच्या मनात दुष्टावा नव्हता, हे आम्ही जाणतो. तरीही ती टीप वाचून आम्ही क्षणभर थांबलो. ज्या पँगोसाठी हा खटाटोप चालला होता ती ‘सर्व भाषा’ असे नाव मिरवणारी, आणि तिच्या दारावर ही पाटी.

शेलच्या पाठभेदांविषयी थोडक्यात. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत ती कोणाकडून वाचून घ्यावी ते लिहिलेले असते. विंडोजवर संपादित केलेल्या फाइलीत त्या ओळीच्या शेवटी एक अदृश्य अक्षर जास्तीचे येते, आणि समोर दिसणाऱ्या वाचकालाच ‘असा कोणी नाही’ असे उत्तर मिळते. ऑक्टोबर २००६ च्या उबुंटू ६.१० ने ‘एसएच’ या नावामागचा ‘बॅश’ बदलून ‘डॅश’ ठेवला. यंत्र लवकर सुरू व्हावे हा हेतू. बॅशच्या लकबींत लिहिलेल्या, पण ‘एसएच’ असे नाव सांगणाऱ्या अनेक स्क्रिप्ट त्या दिवशी उघड्या पडल्या. ज्या थांबल्या त्यांची दुरुस्ती सोपी होती. निकाल आणि चुका दोन्ही फाइलीत वळवण्याचे बॅशचे जोडचिन्ह मात्र डॅश निराळे वाचतो: आज्ञा पार्श्वभूमीत सोडून देतो, फाइल रिकामी करतो आणि काहीच न बोलता पुढे जातो. चूक नाही, तक्रार नाही, अर्थ तेवढा बदललेला.

आता मोकळ्या जागेकडे येऊ. नोव्हेंबर २००१ मध्ये अॅपलच्या आयट्यून्स २.० च्या बसवणीने काही जणांच्या डिस्कचे विभाग पुसून टाकले. ही आज्ञावली मुक्तस्रोत नव्हती, पण दोष याच जातीचा होता: स्क्रिप्टमध्ये पत्त्याभोवती अवतरणचिन्हे नव्हती, आणि डिस्कच्या नावात मोकळी जागा असली की एका नावाची दोन नावे होत. सुधारलेली आवृत्ती तातडीने आली. २०११ साली ‘बंबलबी’ या मुक्तस्रोत प्रकल्पाच्या बसवणी-स्क्रिप्टमध्ये याची उलट बाजू दिसली. दोन ग्राफिक चिपा असलेल्या लॅपटॉपांसाठी हा प्रकल्प होता. जुना एक दुवा काढून टाकण्याची आज्ञा लिहिताना ‘/यूएसआर’ या शब्दानंतर एक मोकळी जागा पडली. संहितेत अभिप्रेत होता एक लांब पत्ता. शेलने वाचले दोन पत्ते, आणि पहिला होता सबंध ‘/यूएसआर’ कप्पा. तो समूळ पुसला गेला. ज्यांनी विश्वासाने प्रशासकाच्या अधिकारात ती स्क्रिप्ट चालवली त्यांचे यंत्र निकामी झाले. लेखकाने दुरुस्तीसोबत माफी मागितली, आणि पुढे कित्येक दिवस जगभरचे लोक त्या एका ओळीखाली थट्टेचे शेरे लिहीत राहिले. थट्टा करणाऱ्यांपैकी किती जण स्क्रिप्ट चालवण्याआधी वाचत असतील, हा प्रश्न आमच्या मनात आला. आम्ही स्वतः वाचीत नव्हतो.

हा प्रश्न २९ मार्च २०२४ रोजी गंभीर झाला. आंद्रेस फ्रॉइंड हे पोस्टग्रेस प्रकल्पाचे एक विकसक. दूरस्थ प्रवेशाच्या ‘एसएसएच’ सेवेला सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा त्यांनी छडा लावला आणि तो ‘एक्सझेड’ या दाबणीच्या लहानशा, जवळजवळ प्रत्येक लिनक्सवर असलेल्या आज्ञावलीपाशी पोचला. तिच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्तींत चोरदरवाजा होता. टोपणनावाने वावरणाऱ्या एका सहदेखभालकर्त्याने दोनेक वर्षे सालस काम करून विश्वास मिळवला आणि मग तो बसवला. तो बसवला कोठे, हे पाहण्याजोगे आहे. चोरदरवाजाचा ऐवज चाचणीसाठी ठेवलेल्या, मुद्दाम सदोष भासणाऱ्या फाइलींत दडवलेला होता. तो बाहेर काढणारी ओळ एका एम४ फाइलीत होती, जी पुढे कॉन्फिगरमध्ये विस्तारली जाते. आणि ही बदललेली एम४ फाइल प्रकल्पाच्या सार्वजनिक भांडारात नव्हतीच. ती फक्त वितरणाच्या गाठोड्यात होती. मूळ प्रत शुद्ध, फिरणारी प्रत प्रक्षिप्त.

एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती याच प्रकारच्या अडचणीमुळे. पाठांतराने आणि लेखनिकांच्या हातून फिरत्या प्रती बिघडल्या होत्या. शेवटी त्यांनी आपल्या ओव्या त्यात कोणी मिसळू नयेत असा कडक इशाराही दिला. तेथे शुद्ध करणारा वाचक होता, कारण ग्रंथ वाचला जात होता. कॉन्फिगरची विस्तारित संहिता कोणी वाचीतच नाही, आणि घुसखोराने नेमकी तीच जागा निवडली.

त्याच व्यक्तीने फेब्रुवारी २०२४ मध्ये केलेला दुसरा बदल मात्र सर्वांसमोर, सार्वजनिक भांडारातच होता. लिनक्समध्ये ‘लँडलॉक’ नावाची, आज्ञावलीचे हातपाय बांधून ठेवणारी सुरक्षेची सोय आहे. ती यंत्रावर आहे का, हे पाहणाऱ्या चिमुकल्या चाचणीत, एका ओळीच्या आरंभी, एक टिंब ठेवलेले होते. टिंबामुळे ती चाचणी कोणत्याही यंत्रावर संकलित होईना. स्क्रिप्टने नेहमीप्रमाणे ‘नाही’ अशी नोंद केली आणि ती पुढे गेली. त्या मार्गाने बांधलेल्या प्रतीत सुरक्षेची सोय गळली. दोषसंदेश नाही, थांबणे नाही. ‘नाही’ हा या लेखनप्रकारात दोष नसतो, हे आम्ही वर लिहिले तेव्हा हेच टिंब आमच्या मनात होते. मूळ देखभालकर्ते लासे कॉलिन यांनी मार्चअखेरीस ते काढले. दुरुस्तीत बदललेली ओळ एक आहे आणि तिच्यातून गेलेले अक्षर एक.

मार्च २०२५ मध्ये गिंप ३.० आले. त्याने ऑटोकॉन्फचा मार्ग सोडून ‘मेसन’ पत्करला आहे. संहिता आता आटोपशीर, वाचण्याजोगी आहे आणि भांडारात असते तीच वापरली जाते, मधला विस्तार नाही. आम्ही ते बांधून पाहिले. एका लायब्ररीपाशी अडले, आणि आम्ही ‘मेसन-लॉग’ उघडून शेवटापासून वर वाचीत गेलो.